पन्नास लिटर तेल फ्री

मी आयुष्यभर हवा विकली. हे वाक्य मी कुठेही बोलले की लोक जरा सावरून बसतात. बँकेत एकदा काऊंटरवरच्या मुलीने व्यवसाय विचारला आणि मी सरळ खरं सांगून टाकलं, तर तिने मान वर करून विचारलं, "म्हणजे पंखे का?" पंखे नव्हेत. एअर कॉम्प्रेसर. वसई पूर्वेला, वालीवकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या शेठचं दुकान, आणि त्या दुकानाच्या काऊंटरवर मी. लागले होते टायपिस्ट म्हणून. पण शेठना गिऱ्हाइकांशी बोलायचा कंटाळा आणि मला गप्प बसायचा कंटाळा, त्यामुळे थोड्याच दिवसांत टायपरायटर मागच्या खोलीत गेला आणि मी पुढे आले. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते.

कॉम्प्रेसरच्या दुकानात बाई असते हे पुरुष गिऱ्हाइकांना शेवटपर्यंत पटलं नाही. आत आले की ते माझ्या डोक्यावरून मागे बघायचे. मागे भिंत होती आणि भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. बरेच जण कॅलेंडरलाच विचारायचे, "दोन एचपीचा आहे का?" उत्तर मी द्यायची. ते गणपतीने दिलं असं समजून मान्य करायचे. माझा धंदा त्या कॅलेंडरने फार वाढवला.

दुसरा त्रास फ्रिजचा. आपल्याकडे कॉम्प्रेसर म्हटलं की माणसाला फ्रिज आठवतो. "मॅडम, दूध नासतंय," असा फोन आठवड्यातून एकदा तरी यायचाच. त्यांना सांगून दमले, तसं तुम्हालाही सांगते. आमचा कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारा पंप. पंक्चरवाल्याच्या कोपऱ्यात धडधडत असतो तोच. टाकीतली हवा नळीतून सोडायची आणि तिच्याकडून कामं करून घ्यायची. टायर भरा, खिळे ठोका, धूळ उडवा, रंगाचा फवारा मारा. विरारच्या एक बाई तर केकवर गुलाबी फवारा मारायला बारकासा कॉम्प्रेसर घेऊन गेल्या होत्या.

अलीकडे घरगुती वर्कशॉपवाले फार वाढलेत. माणूस रिटायर होतो, दिवसभर घरात फिरून डबे उघडून बघतो, आणि मग घरची माणसं त्याला बाल्कनीत नाहीतर पडवीत एक टेबल मांडून देतात. तो त्याला वर्कशॉप म्हणतो. बायको त्याला "ह्यांचं काहीतरी चाललेलं असतं" म्हणते. असा माणूस दुकानात आला की पहिला प्रश्न विचारतो, किती एचपी? दुसरा, टाकी केवढी? खरा प्रश्न वेगळाच असतो, की मशीन मिनिटाला हवा किती देतं? आपल्याकडच्या माणसाला हे पाण्यावरून पटकन कळतं. गच्चीवरची टाकी कितीही मोठी बांधा, खालचा पंप बारीक धारेने पाणी चढवत असेल आणि सगळ्या मजल्यांवर एकदम अंघोळी सुरू झाल्या, तर कोणाच्या तरी अंगाला साबण तसाच राहणार. हवेचंही तेच. खिळे ठोकायच्या गनला घोटभर हवा पुरते. रंगाच्या गनला मात्र भस्म्या रोग झालेला असतो. म्हणून मी आधी विचारायची, "तुम्हाला करायचंय काय?" या प्रश्नाला मोठमोठे बाप्ये लाजायचे. "असंच, बारीकसारीक," म्हणून पायाकडे बघायचे.

पाण्यावरून आठवलं. हवेत पाणी असतं, आणि आमच्या खाडीकाठच्या हवेत जरा जास्तच. हवा दाबली की ते टाकीच्या तळाशी साचतं. टाकीखाली एक चावी असते, ती उघडून रोज पाणी सोडायचं, नाहीतर टाकी आतून गंजते. नायगावच्या एका टॉवरमधल्या गृहस्थांना मी बजावून सांगितलं, "टाकीतलं पाणी रोज सोडायचं हं." ते बिचारे आज्ञाधारक. घरी जाऊन बायकोला मोठ्याने तेच सांगितलं, ते शेजारणीने ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं की आठव्या मजल्यावरचे टाकीचं पाणी रोज सोडून देतात. ती बिल्डिंग टँकरवर जगणारी! माणसाला मीटिंगमध्ये उभं केलं. त्याने सगळं समजावलं, तर दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचाच मला फोन.

"मॅडम, तुमचं मशीन हवेतून पाणी काढतं हे खरं का?"

"खरं आहे."

"मग मोठ्यात मोठं किती काढेल?"

म्हटलं, "रोजचं कपभर. तेही गंजाच्या रंगाचं."

"कपाचं राहू द्या हो," सेक्रेटरी म्हणाले, "टँकरच्या मापात सांगा."

पण मला सांगायचीय ती गोष्ट हरेश्वर मेहेरांची. हरेश्वरकाका राजोडीचे. उभा जन्म होड्यांच्या सुतारकामात गेलेला, त्यामुळे आवाज वाऱ्यावरून ओरडायचा. ते दुकानात आले आणि पहिल्यांदाच कॅलेंडरकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले, तिथेच ते मला आवडले.

"मॅडम, नातीचं बारसं हाय. पाळना केलाय मी. रंग मारायचाय, गननं. ब्रशचे वळ दिसाया नको. व्याही येनार हायेत."

शेवटच्या तीन शब्दांत सगळं दुखणं होतं. व्याही म्हणजे सावंत. मूळचे मालवणकडचे, आता नायगावला टॉवरमध्ये राहणारे, कुठल्याशा कंपनीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. हरेश्वरकाकांची लेक त्यांच्या घरात दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून बारसं माहेरी राजोडीला. आणि सावंतांनी फोनवर जाहीर केलं होतं की पाळणा आम्ही आणतो. रिमोटचा आहे, आपोआप हलतो, गाणी म्हणतो. काकांनी उलट कळवलं की ज्याच्या अंगणात बारसं त्याचा पाळणा. तिकडून उत्तर आलं, "होड्या करणाऱ्याच्या पाळण्यात बाळ ठेवायचं की समुद्रात सोडायचं?" शेवटी बाळाच्या आईने कंटाळून तोडगा काढला. बारशाच्या दिवशी दोन्ही पाळणे बघू आणि चांगला दिसेल त्यात बाळ ठेवू.

"माझी पहिली नात," काका म्हणाले, "आनि माझ्याच घरात ती दुसऱ्याच्या पाळन्यात झोपली, तर मी काय करू? बाजूला उभा ऱ्हाऊन घुगऱ्या वाटू?" त्यांचा आवाज एवढा मोठा, पण वाक्याच्या शेवटी तो चिरकला. मला एकदम वाटलं, ह्या माणसाचा पाळणा झालाच पाहिजे.

मी त्यांना ऑइल-फ्री कॉम्प्रेसर सुचवला. साध्या कॉम्प्रेसरचा पिस्टन तेलात चालतो. तो टिकतो चांगला, पण त्या तेलाचा अंश हवेबरोबर नळीत येतो, आणि रंगाला तेल अजिबात चालत नाही. ऑइल-फ्रीमध्ये तेल नसतंच. झिजतो जरा लवकर, पण हवा स्वच्छ देतो. हौसेच्या रंगकामाला उत्तम. हे सगळं मी त्यांना सांगायला सुरुवात केली होती. पुढचं संभाषण मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण नंतर ते शेठसमोर माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडण्यात आलं.

"म्हंजे हा ऑइल फ्री हाय?"

"हो, ऑइल फ्री."

"नक्की?"

"खोक्यावरच लिहिलंय बघा, मोठ्या अक्षरात."

"किती लिटर?"

मला वाटलं, टाकीचं विचारतायत. "पन्नास," मी म्हटलं.

काकांनी खुर्चीचा हात धरला. "पन्नास लिटर?"

"चोवीसचाही आहे. पण तुमच्या कामाला पन्नासच बरा."

"नको नको, चोवीस कशाला? पन्नासच द्या. उद्या डबे घेऊन येतो."

डबे कसले, हे मला विचारायचं होतं. तेवढ्यात कोणाचा तरी फ्रिज बिघडला आणि फोन वाजला.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर टेम्पो थांबला. त्यातून हरेश्वरकाका उतरले, त्यांच्या पत्नी कुसुमकाकी उतरल्या, मग एक निळं पिंप उतरलं आणि त्याच्यामागे प्लास्टिकचे कॅन. कुसुमकाकींच्या हातात तांब्याही होता, तळाचं उरलंसुरलं घ्यायला. आमच्या फ्रान्सिसने खोकं टेम्पोत चढवलं. फ्रान्सिस आमचा मेकॅनिक, हात सोन्याचे पण तोंड उघडायला वंगण लागतं असा. काका म्हणाले, "आता तेल आना." फ्रान्सिसने माझ्याकडे बघितलं आणि तो जेवायला निघून गेला.

मी समजावलं, की फ्री म्हणजे फुकट नव्हे, फ्री म्हणजे विना. तेलाविना चालणारा.

"मला नका शिकवू," काका गरजले. "साबनावर वाटी फ्री लिवतात. तेव्हा वाटी मिळते. वाटीविना साबन, असं नाय कोन बोलत!"

मी म्हटलं, "अहो, शुगर-फ्री बिस्किटं नसतात का? त्यात साखर नसते, तसं."

कुसुमकाकी हळूच नवऱ्याकडे वळल्या. "म्हंजे तुमच्या बिस्किटांत साखर नाय?"

"डॉक्टरनं सांगितलीत म्हनून खातो," काका जरा खालच्या आवाजात म्हणाले. "मला वाटलं, साखर वरून जास्तीची घातलेली आसंल. तरीच एवढी पचपचीत लागतात."

एवढं होऊनही ते पिंप रिकामं परत न्यायला तयार होईनात. रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली. आमच्या शेठना भांडण सोसत नाही, आवाज वाढला की त्यांच्या पोटात कळ येते. ते आतून आले, काकांच्या हातात मशीनच्या तेलाची एक बाटली ठेवली, हात जोडले आणि परत आत गेले. मी काकांना सांगितलं की हे बिजागऱ्यांना घाला, शिवणयंत्राला घाला, ह्या मशीनमध्ये मात्र थेंबभरही घालायचं नाही. काकांनी मान डोलावली. पन्नास लिटरच्या पिंपात ती एक बाटली उभी करून टेम्पो राजोडीला गेला.

बारसं रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी फोन आला.

"मॅडम, मी हरेश्वर. डोळे आलेत हो!"

मला वाईट वाटलं. साथ चालूच होती तेव्हा. म्हटलं, "अरेरे. गार पाण्याने धुवा. चोळू नका."

"धुतले. चोळले पन. जात नायत."

"चोळू नका म्हटलं ना! आणि बाळाला जवळ नेऊ नका, तिला लागेल. रुमाल वेगळा ठेवा."

"कोनाचा रुमाल?"

"ज्याचे डोळे आलेत त्याचा."

"पाळन्याचा रुमाल?" काकांचा आवाज एवढा चढला की मी फोन कानापासून लांब धरला. "मॅडम, पाळन्याला डोळे आलेत, पाळन्याला! माशाचे डोळे!"

आमच्या धंद्यात हे माशाचे डोळे फार वाईट. रंगात तेलाचा अंश आला की तेवढ्या जागेवरून रंग मागे सरतो आणि गोल खळगा पडतो. भोवती कडं, मधे खालचा अस्तराचा रंग. गॅरेजवाले त्याला 'फिश आय' म्हणतात. एक आला तरी गाडीचं दार पुन्हा रंगवावं लागतं.

फ्रान्सिसला घेऊन मी राजोडीला गेले. घरामागे, पूर्वी जाळी ठेवायचे त्या खोलीत काकांचं वर्कशॉप होतं. मधोमध पाळणा. एवढा दणकट पाळणा मी जन्मात बघितला नव्हता. नात सोडा, व्याही बसले असते तरी मोडला नसता. दोन्ही टोकांना होडीच्या नाळेसारखी, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकासारखी, उचल, कठड्याला गोल कोरलेल्या दांड्या, कुठे एक कंगोरा टोचेल तर शपथ. लहान मुलांच्या खेळण्यांना लावतात तो रंग काकांनी मुद्दाम शोधून आणलेला, समुद्रासारखा निळा, खाली पांढरं अस्तर. आणि त्या निळ्यावर, आतून बाहेरून, पांढरे गोल डोळे. बारीक, मोठे, एकटे, जोडीने. सगळे माझ्याकडे बघत होते.

फ्रान्सिसने मशीन जिथून हवा ओढतं तिथली जाळी काढली, बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. तेल ठिबकत होतं.

"घातलंत ना?" मी विचारलं.

"शेटनी दिलं म्हंजे लागत आसनारच," काका म्हणाले. "उगीच कोन देतो? पन तेलाचं भोकच गावंना. मग कुसुम बोलली, हवा जिथून जाते तिथून तेल पन जाईल."

"शिवनाच्या मशीनला पन असंच घालतात," कुसुमकाकी म्हणाल्या. "आनि घातल्यावर कसं गोड चालत होतं!"

मी फ्रान्सिसला विचारलं, पाळणा घासून परत रंगवता येईल का? त्याने टाकीकडे बघितलं, नळीकडे बघितलं, गनकडे बघितलं. तेल सगळीकडे गेलं होतं. "मशीन उद्या देतो," तो म्हणाला. "पाळणा रविवारी नाही."

हे दिवसभरातलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण. हरेश्वरकाका एका उलट्या टोपलीवर बसले. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला आणि सवयीने तो स्पीकरवर होता. सावंत व्याही विचारत होते, "पाळणा ठेवायला तुमच्याकडे प्लगजवळ जागा आहे ना? वायर लांब नाहीये." काका "हाय" एवढंच म्हणाले. मग फोन खिशात न ठेवता हातातच धरून बसले आणि म्हणाले, "आनू दे त्यांना. माझा ह्या खोलीतच राहू दे, वरती चादर टाकतो." 

कुसुमकाकी पाळण्याजवळ गेल्या. या बाईने आगाशीच्या बाजारात वर्षानुवर्षं मासळी विकलेली. त्यांनी वाकून एक डोळा नीट न्याहाळला, अंगठ्याने दाबूनही बघितला.

"ताजा हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"डोळा. ताज्या पापलेटाचा असाच असतो, लख्ख. शिळ्याचा गढूळ होतो."

मग त्यांनी नवऱ्याचा बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगात बुडवला, डोळ्याच्या मधे टिंब दिलं आणि भोवती एका दमात पापलेट काढलं. पर, शेपटी, गालाचा वळसा. शेजारच्या डोळ्याला बोंबील. त्याच्या खालच्याला सुरमई. काका टोपलीवरून उठले. "सुरमईचं तोंड असं बोथट नसतं," म्हणाले. "तुमी बनवायच्या होड्या," काकी म्हणाल्या, "मासे माझे." पण दुसरा ब्रश त्यांनी पुढे केला.

त्या दुपारी आम्ही चौघांनी पाळण्यावर जेवढे डोळे होते तेवढे जीव काढले. जोडीच्या डोळ्यांना खेकडे. अगदी चिकटून आलेल्यांना माकूल, लांब लोंबत्या पायांचं. बारीक टिपक्यांचा थवा होता तिथे कोळंबी. फ्रान्सिसने एक खेकडा काढला तो रिक्षासारखा दिसत होता, चाकांसकट. मी काढलेला बांगडा बघून कुसुमकाकींनी विचारलं, "हे वांगं का?" आणि तिथल्या तिथे त्याला शेपटी लावून दिली. एका डोळ्याचं काय करावं कळेना, तो अगदी उशाच्या मधोमध आणि चांगला वाटोळा होता. काकांनी त्याच्याभोवती डोलकाठी, शीड काढलं आणि त्याला होडीच्या नाळेवरचा डोळा करून टाकला. मग ते पाळण्यापासून लांब गेले, जवळ आले, पुन्हा लांब गेले. "बरा दिसतो का हो?" हे त्यांनी इतक्या लहान आवाजात विचारलं की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं.

रविवारी मी नारिंगी रंगाची साडी नेसून बारशाला गेले. फ्रान्सिस दुरुस्त केलेलं मशीन शनिवारीच देऊन गेला होता, तोही इस्त्रीचा शर्ट घालून आला. सकाळी काका मशीन चालवून बघायला गेले, तर बटण दाबतायत तोच लाईट गेली. आमच्या भागात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. त्यांनी मशीन तसंच सोडलं आणि मांडवात आले.

सावंत व्याही टेम्पोतून पाळणा घेऊन आले. गुलाबी, जाळीचा, चकचकीत. पण लाईट नसल्यामुळे तो हलेना आणि गाईना, म्हणून टेम्पोतच राहिला. "येईल आता लाईट," म्हणत सावंत घड्याळ बघत होते. वाट बघताना माणूस काय करणार, ते मांडवात मांडलेला काकांचा पाळणा बघायला गेले. हात पाठीमागे बांधून, मॅनेजर माल तपासतो तसे.

काका दोन पावलं मागे उभे होते. मीही.

सावंत वाकले. चष्मा काढून पुसला. एका माशावर बोट ठेवलं. "ही इसवण का?"

"सुरमई," काका म्हणाले.

"तेच. आमच्याकडे इसवण म्हणतात. पण हिच्या अंगावर पट्टे नाहीत."

"लहान हाय. लहानपनी ठिपके आसतात."

"काय सांगता! मी मालवणात वाढलोय."

"मी दर्यावर वाढलोय!"

झालं. दोघं पाळण्याच्या दोन बाजूंना ओणवे होऊन एकेका माशावरून भांडायला लागले. बोंबलाच्या जबड्यावर एकमत झालं. माझ्या बांगड्याबद्दल सावंतांनी विचारलं, "हा कुठला मासा?" मी दुसरीकडे बघितलं. थोड्या वेळाने बघते तर सावंतांच्या हातात ब्रश! कोपऱ्यातला एक डोळा आम्ही विसरलो होतो, त्याला ते तारली काढत होते. जीभ दाताखाली, पांढऱ्या सदऱ्यावर काळा ठिपका. काका त्यांच्यासाठी रंगाची वाटी धरून उभे होते.

बायकांनी हाका मारल्या, वेळ टळत होती. कुठल्या पाळण्यात ठेवायचं हे कोणी कोणाला विचारलंच नाही. बाळ ह्या पाळण्यात गेलं. बाळाची आत्या, सावंतांची मुलगी स्नेहल, कानाशी वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बाकीच्या सरसावल्या. स्नेहलने तोंडाशी हात धरला आणि म्हणाली, "कुर्र..."

त्याच क्षणी लाईट आली.

मागच्या खोलीतून उत्तर आलं, "कुर्रर्रर्रर्रर्र!" कॉम्प्रेसर. रिकामी टाकी, चालू बटण, आणि फ्रान्सिसने नवाकोरा करून ठेवलेला पिस्टन. टेम्पोतल्या पाळण्याला काही कळलं नाही, पण मांडवातल्या एक आजी पाण्याच्या पिंपामागे गेल्या. धपाटे मारायला उचललेले हात तसेच हवेत राहिले. कोणाला काही ऐकू येईना, आत्याचे ओठ तेवढे हलताना दिसले. सगळी नोकरी अंगात भिनलेली, मी पदर खोचून धावले आणि मशीन बंद केलं. परत आले तर सगळे एकमेकांना विचारतायत, "काय ठेवलं? काय ठेवलं?"

"ठरलेलंच ठेवणार होते," स्नेहल म्हणाली. नाव कुठलं तरी नवीन, मॉडर्न ठरलं होतं. "पण वाकले, आणि चहूबाजूंनी हे सगळे मासे बघत होते. माझ्या तोंडून मीनाक्षी गेलं."

सावंतांनी लगेच फोड केली. "मीन म्हणजे मासा, अक्षी म्हणजे डोळा. माशाच्या डोळ्यांसारखे सुंदर डोळे जिचे, ती."

फ्रान्सिस माझ्या शेजारी घुगऱ्या खात होता. तो थांबला. "फिश आय," तो म्हणाला, आणि परत खायला लागला.

बाळाची आई "काय गं हे जुनं नाव" म्हणून कुरकुरली, पण दोन मिनिटांत तीच "मिनू, मिनू" करत होती. आता लाईट आली होती. टेम्पोवाला पाळणा उतरवू का म्हणून विचारायला आला. हरेश्वरकाका पुढे झाले आणि मोठ्या मनाने, पण तोंड उतरवून म्हणाले, "व्याही, तुमी हौसेनं आनलाय. आना आत. हिला त्यात ठेवू."

सावंतांनी पाळण्यात बघितलं. एवढा गोंधळ झाला, एवढं मशीन धडधडलं, पण पोरगी मूठ गालाखाली घेऊन गाढ झोपली होती.

"व्याही," सावंत हळू आवाजात म्हणाले, "झोपलेल्या पोराला कोणी उचलतं का?" आणि त्यांनी पाळण्याला एक हलकासा झोका दिला. काका दुसऱ्या बाजूला गेले, तो झोका हाताने झेलला आणि परत त्यांच्याकडे सोडला.